स्लॅश-डफ परतले २०१६ मध्ये. मग गन्स एन रोझेसच्या ‘नव्या’ अल्बममध्ये २००० सालची गाणी का?

सहावी तार (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन रॉक बँड गन्स एन रोझेसची ‘नथिन’ आणि ‘ॲटलस’ ही दोन गाणी आली, आणि लगेच सगळीकडे तेच सुरू झालं: आता अल्बम येणार. माझं म्हणणं आधीच सांगतो. या गाण्यांवर अल्बम उभारू नये. उभारलाच, तर आपण चाहत्यांनी त्याला नवा अल्बम म्हणू नये.

हिशेब मांडतो. एप्रिल २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रूबडूर क्लबमध्ये गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ मॅकेगन पुन्हा गायक ॲक्सल रोझसोबत उभे राहिले. तेव्हापासून या संचाची स्टुडिओतली सहा गाणी आली आहेत. २०२१ मध्ये ‘ॲब्सर्ड’ आणि ‘हार्ड स्कूल’, २०२३ मध्ये ‘परहॅप्स’ आणि ‘द जनरल’, आणि आता ही दोन. सगळी मिळून अर्धा तासही होत नाही. (२०१८ चं ‘शॅडो ऑफ युअर लव्ह’ मी धरत नाही, ते १९८६ चंच रेकॉर्डिंग आहे.) सहाच्या सहा गाण्यांचं मूळ ‘चायनीज डेमॉक्रसी’ या वर्षानुवर्षं लांबून २००८ मध्ये आलेल्या अल्बमच्या काळातलं. ‘ॲब्सर्ड’ तर १ जानेवारी २००१ ला लास वेगासमध्ये ‘सिल्कवर्म्स’ या नावाने मंचावर वाजलेलंही आहे. तेव्हा बँडमध्ये स्लॅश नव्हता, डफ नव्हता. गिटारवर बकेटहेड आणि रॉबिन फिंक होते, बेसवर टॉमी स्टिन्सन.

म्हणजे १९९६ ला बँड सोडून गेलेला स्लॅश परत आला, आणि त्याच्या हाती काय दिलं, तर त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्यांनी बांधलेलं गाणं, वर नवी गिटार चढवायला. आपण थांबलोय ते ॲक्सल, स्लॅश आणि डफ यांनी एका खोलीत शून्यातून बांधलेल्या गाण्यासाठी. तशी स्वतःची शेवटची गाणी १७ सप्टेंबर १९९१ ला आली, ‘यूज युअर इल्यूजन’च्या दोन भागांत. १९९३ चा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा होता.

प्रश्न असा: उद्या बारा गाण्यांचा अल्बम आला आणि त्यातली सहा हीच असली, तर तुम्ही तो घ्याल का, आणि त्याला काय म्हणाल?

बोरिवली लोकल

घेणार, आणि नवा अल्बमच म्हणणार. गाण्याची जन्मतारीख हा निकष या बँडला लावता येत नाही, कारण तुम्ही ज्या अल्बमचा दाखला देताय तोच त्या निकषावर नापास होतो.

‘डोन्ट क्राय’ हे बँडच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी एक. ‘नोव्हेंबर रेन’चं १९८६ चं पियानोवरचं कच्चं रेकॉर्डिंग ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ या १९८७ च्या पहिल्या अल्बमच्या २०१८ मधल्या मोठ्या संचात अधिकृतपणे आलं आहे, कोणीही ऐकू शकतो. ‘यू कुड बी माइन’ तर ‘ॲपेटाइट’च्याच काळातलं. त्याची एक ओळ १९८७ च्या अल्बमसोबतच्या कागदावर छापलेली आहे आणि गाणं आलं चार वर्षांनी. ‘बॅक ऑफ बिच’ही जुनंच. इल्यूजनची सगळ्यांत गाजलेली तीन गाणी चार-पाच वर्षं पडून होती. १९९१ मध्ये कोणी म्हणालं का, की हा नवा अल्बम नाही?

पडून राहण्यानेच ‘नोव्हेंबर रेन’ वाढलं. १९८६ च्या रूपात चाल आहे, पण स्लॅशचे ते सोलो नाहीत. ते नंतर आले. जुन्या सांगाड्यावर नवं मांस चढवणं ही या बँडची कामाची पद्धत आहे, आजची तडजोड नव्हे.

सहावी तार

@बोरिवली लोकल, दाखला चोख आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. ‘डोन्ट क्राय’ पडून होतं ते त्याच पाच जणांच्या हातात. दुसरा गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन होता, स्लॅश होता, क्लबमध्ये वाजत होतं. रेकॉर्डिंगच्या आधी गाणं कित्येकदा मंचावर घासलं गेलं की त्यातले फालतू भाग आपोआप गळून पडतात. ‘ॲपेटाइट’ तसाच झाला. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांत वाजवून तयार झालेली गाणी घेऊन ते १९८७ मध्ये निर्माता माइक क्लिंकबरोबर रंबो स्टुडिओत गेले, म्हणून ड्रम-बेसचा पाया भराभर उरकला. वेळ लागला तो स्लॅशच्या गिटारला आणि ॲक्सलच्या आवाजाला, कारण ॲक्सल एकेक ओळ स्वतंत्र घ्यायचा.

आत्ताच्या गाण्यांचा सांगाडा स्लॅशचा नाही. हाडं कोणाची, हा मुद्दा आहे.

टेपडेक

दोन्ही बाजू गाण्याच्या ‘वया’वर बोलताहेत. थोडं स्टुडिओतल्या मिक्सिंगच्या टेबलावर काय होतं त्यावर बोलू या, कारण जुन्या रेकॉर्डिंगवर नवी गिटार चढवणं किती चालतं आणि कुठे फसतं हे ऐकून ओळखता येतं.

पहिली अडचण सेशन, म्हणजे रेकॉर्डिंगची जुनी फाइल, उघडण्याची. १९९८ ते २००२ च्या दरम्यान प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर जे काम झालं त्यात टीडीएम जातीचे प्लगिन (आवाजावर परिणाम करणारे जोड-प्रोग्रॅम) असायचे. ते प्रो टूल्स १० पर्यंतच चालले, ११ पासून बंद. म्हणजे आज जुनी फाइल उघडली तर ट्रॅक दिसतील, पण त्यांवरचा कॉम्प्रेसर, रिव्हर्ब, आवाज तुकड्यांत कापून केलेला परिणाम गायब. म्हणून एक तर जुनी यंत्रणा जपून ठेवून प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढायचा, किंवा कोरड्या आवाजावर सगळं नव्याने बसवायचं. तुकडे सलग न करता काढले तर ते सरकतात, आणि शंभर-दीडशे ट्रॅकांच्या गाण्यात कुठला तुकडा सरकला हे शोधण्यात दिवस जातो.

दुसरी अडचण गळतीची. गायकाच्या हेडफोनमधून क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) आणि जुने ड्रम थोडे थोडे माइकमध्ये शिरलेले असतात. जुने ड्रम मिक्समध्ये असेपर्यंत ते झाकले जातात. ड्रम बदलले, किंवा मधली गिटार काढून जागा मोकळी केली, की ती टिकटिक वर येते. शांत ओळींत जास्त. मग प्रत्येक शब्दामधली जागा हाताने साफ करावी लागते, आणि फार साफ केली की श्वास कापले जाऊन आवाज चिकटवल्यासारखा वाटतो.

तिसरी, आणि खरी, अडचण तालाच्या कलाची. डफ नखीने वाजवतो आणि ठोक्याच्या किंचित पुढे राहतो. स्टिन्सनचा कल वेगळा. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्यात बेस १०-१५ मिलिसेकंद पुढेमागे झाला तरी गाणं ढकलतंय की ओढतंय हे कानाला कळतं. ॲक्सलने जुन्या बेसवर गायलंय. नवा बेस घातला की त्याच ओळी उशिरा आल्यासारख्या वाटू शकतात.

सूर मात्र सोपा आहे. बँडचं नेहमीचं ट्यूनिंग अर्धा स्वर खाली, स्लॅशची गिटार तिथेच लावलेली असते.

आता निकाल. ‘हार्ड स्कूल’मध्ये हे जमलंय. बेस पुढे आहे, गिटारला जागा आहे, गाणं मुळातच सरळ रॉक आहे. ‘ॲब्सर्ड’मध्ये जमलेलं नाही, कारण त्या गाण्याचा कणा यांत्रिक आवाजांचा आहे. तिथे स्लॅश जाड थर देतो, पण तो काढून टाकला तरी गाणं तसंच चालेल. गिटारवादक बदलल्याचा फरकच पडत नसेल तर ते त्या गिटारवादकाचं गाणं नव्हे. इथे मी सहावी तार यांच्याकडे.

पण ही पद्धतच चुकीची, हे मान्य नाही. २०२२ च्या इल्यूजन संचात ‘नोव्हेंबर रेन’ नव्याने मिक्स झालं. १९९१ मध्ये ॲक्सलने सिंथेसायझरवर बसवलेल्या वाद्यवृंदाच्या जागी ५० वादकांचा खरा वाद्यवृंद घातला आणि मिक्स स्टीव्हन विल्सनने केलं. आवाज ३१ वर्षांपूर्वीचा, तारा नव्या. हेडफोन लावून दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. जोड कुठेच दिसत नाही, कारण मूळ ड्रमला हात लावलेला नाही. पाया तोच ठेवून वरचं बदललं की चालतं. पायाच बदलला की वरचं डुगडुगतं.

बोरिवली लोकल

@टेपडेक, सविस्तर प्रतिसादासाठी आभार. पायाच बदलण्याचं उदाहरण ‘चायनीज डेमॉक्रसी’तच आहे. जॉश फ्रीझने तीसेक गाण्यांचे ड्रम वाजवले होते. त्याने बँड सोडल्यावर ‘ब्रेन’ या टोपणनावाचा ड्रमर आला. फ्रीझचे ठोके स्वरलिपीत उतरवून घेतले आणि ब्रेनने ते जसेच्या तसे पुन्हा वाजवले. महिन्यांचं काम. रॉय थॉमस बेकर निर्माता म्हणून आला तेव्हाही झालेलं काम पुन्हा रेकॉर्ड करायला लावलं गेलं. अल्बम लांबला तो गाणी नव्हती म्हणून नाही, झालेली गाणी पुन्हा पुन्हा केली म्हणून.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की उरलेली गाणी आहेत तशी पूर्ण करून एका अल्बममध्ये सोडून द्या. ती हौदात आहेत तोवर ॲक्सल त्यांच्याकडे परत परत जाणार. हौद रिकामा झाल्याशिवाय नवं पाणी येणार नाही.

कावेरी

थोडा वेगळा सूर लावते. अल्बमची वाट पाहणंच मला पटत नाही, जुन्या गाण्यांचा असो की नव्या.

पैशाची दिशा पाहा. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ‘चायनीज डेमॉक्रसी’चा खर्च तोवर १.३ कोटी डॉलर झाल्याचं छापलं होतं, आणि अल्बम यायला अजून तीन वर्षं होती. त्याआधी २००४ मध्येच गेफन या रेकॉर्ड कंपनीने कळवलं होतं की मंजूर रक्कम संपली, पुढचा खर्च ॲक्सलने करावा. त्याच वर्षी कंपनीने बँडचा विरोध असताना निवडक गाण्यांचा संग्रह बाजारात आणला, तो धो धो खपला. शेवटी २३ नोव्हेंबर २००८ ला अल्बम आला. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात २ लाख ६१ हजार प्रती, तिसरा क्रमांक. वाईट नाही, पण एवढ्या खर्चाला पुरेसं नाही.

दुसऱ्या पारड्यात २०१६ ते २०१९ चा पुनर्मीलन दौरा. उत्पन्न ५८ कोटी डॉलरच्या पुढे. तो दौरा नव्या अल्बमशिवाय झाला. १७ मे २०२५ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोक आले ते १९८७ आणि १९९१ ची गाणी ऐकायला. तिथे सलग चार नवी गाणी वाजवली असती तर मैदान थंड पडलं असतं, हे बँडला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मग कोणी वर्षभर स्टुडिओत का बसावं? वर्षा-दोन वर्षांनी दोन गाणी सोडायची, दौऱ्यात एखादं वाजवायचं. साठी ओलांडलेल्या माणसांनी अंगात बळ आहे तोवर मंचावर असावं. ॲक्सलचा आवाज रोज तीन तास टिकवणं हे आजचं अवघड काम आहे, ते करू द्या.

न्यूजर्सीकर

कावेरीताई, पैशाचं गणित बरोबर, पण त्यातून ‘अल्बम होत नाही’ असं निघत नाही. रोलिंग स्टोन्सचं गणितही हेच होतं. २००५ नंतर २०१६ मध्ये ब्लूजच्या जुन्या गाण्यांचा एक अल्बम केला, पण स्वतःच्या नव्या गाण्यांचा १८ वर्षं नाही. दौरे तुफान. मग मिक जॅगरने तारीख ठरवली: २०२३ च्या व्हॅलेंटाइन डेपर्यंत रेकॉर्डिंग संपवायचं. अँड्र्यू वॉट हा त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण निर्माता आणला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अल्बम दुकानात.

धागाकर्त्यांसाठी यात एक मुद्दा आहे. त्या अल्बमच्या दोन गाण्यांत स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्सचे २०१९ चे ड्रम आहेत. तो २०२१ मध्ये वारला. जुनं आणि नवं एकत्र, आणि कोणाला खटकलं नाही.

उशिराचं कारण पैसा नाही, वय नाही, स्लॅशही नाही. २०१६ नंतर स्लॅशने गायक माइल्स केनेडीबरोबर २०१८ आणि २०२२ मध्ये दोन अल्बम केले, २०२४ मध्ये ब्लूजचा एक. २०२२ चा ‘४’ नॅशव्हिलमध्ये निर्माता डेव्ह कॉबबरोबर, सगळ्यांनी एकत्र उभं राहून थेट वाजवत रेकॉर्ड केला. डफचे २०१९ आणि २०२३ मध्ये दोन. म्हणजे हे दोघे दौरे सांभाळून अल्बम पूर्ण करतात. अडतं एकाच ठिकाणी: शेवटचा ‘हो’ कोण म्हणतं. स्टोन्सकडे तारीख होती आणि ‘आता पुरे’ म्हणणारा निर्माता होता. इथे निर्माता कॅरम कोस्टँझो आणि ॲक्सल. तेच जोडीदार, जे ‘चायनीज डेमॉक्रसी’ला होते.

कावेरी

@न्यूजर्सीकर, निर्मात्याचा मुद्दा मान्य. पण बाहेरचा निर्माता हा इलाज इथे आधीच करून झाला आहे. यूथ, शॉन बीव्हन, रॉय थॉमस बेकर. तीन आले, तीन गेले. जॅगरने तारीख स्वतःवर लादून घेतली होती. बाहेरून लादता येत नाही.

काळी तबकडी

अल्बम येतोय की नाही हे ओळखण्याची साधनं कोणी लिहिली नाहीत, म्हणून लिहितो. दरवेळी अफवेवर उड्या मारून मग निराश होण्यापेक्षा बरं.

एलपीच्या एका बाजूला ३३⅓ फेऱ्यांवर सुखाने साधारण २२ मिनिटं मावतात. त्यापुढे गेलं की चरे जवळजवळ आणि उथळ कापावे लागतात. आवाजाची पातळी उतरते, खर्ज कमी करावा लागतो, आणि मध्याजवळच्या गाण्यांत ‘स’ आणि ‘श’ फाटतात. म्हणून इल्यूजनचा प्रत्येक भाग, ७५ मिनिटांच्या आसपासचा, दोन तबकड्यांवर आला. सीडीच्या काळात कोणी लांबीकडे बघायचं नाही. ‘चायनीज डेमॉक्रसी’ची १४ गाणी ७१ मिनिटं भरतात, ती याच सवयीने.

आज तबकडी पुन्हा महत्त्वाची झाली आहे आणि कारखान्यात नंबर लावावा लागतो. मास्टर, म्हणजे छपाईसाठीचं अंतिम रेकॉर्डिंग, गेल्यावर चाचणी प्रत येते, ती ऐकून मंजूर करायची, मग छपाई, मग वाहतूक. काही महिने जातात. त्यामुळे खऱ्या अल्बमची पहिली खूण म्हणजे गाण्यांची पूर्ण यादी, मुखपृष्ठ आणि आगाऊ नोंदणीची तारीख एकत्र जाहीर होणं. मुलाखतीत ‘भरपूर गाणी तयार आहेत’ असं कोणी म्हणणं ही खूण नव्हे. ते वाक्य २००० पासून ऐकू येतंय.

सात इंची तबकडी निघाली तर उलट अर्थ घ्यावा: सध्या अल्बम नाही. ‘परहॅप्स’च्या वेळी तसंच झालं, मागच्या बाजूला ‘द जनरल’. ४५ फेऱ्यांवर एका बाजूला साडेचार मिनिटांच्या आत गाणं बसतं, जुळणी सोपी.

फुटलेल्या (लीक झालेल्या) गाण्यांबद्दलही. २०१९ मध्ये त्या काळातल्या बऱ्याच कच्च्या सीडी बाहेर पडल्या, आणि ‘परहॅप्स’ तर ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बारमधल्या इंटरनेटवर चालणाऱ्या ज्यूकबॉक्सवर अधिकृत तारखेआधीच चुकून लागलं. कोणी ‘मूळ दर्जाची’ फाइल म्हणून काही देत असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र, पाहा. १६ किलोहर्ट्झवर सरळ रेषेत सगळं कापलेलं दिसलं तर ती १२८ च्या एमपी३ वरून फुगवलेली फाइल आहे, नाव फ्लॅक (दर्जा न घटवणारा प्रकार) असलं तरी. मुळात अशा फाइली घेऊ-देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. अर्धवट गाणं फुटलं की ते पूर्ण करण्याची इच्छा त्या माणसाची आधी मरते.

टेपडेक

@काळी तबकडी, +१. मास्टरवरून एक राहिलं. ‘चायनीज डेमॉक्रसी’ला खूप नावं ठेवली जातात, पण त्याचं मास्टरिंग बॉब लडविगने केलं आणि त्याने दिलेल्या तीन रूपांपैकी बँडने सर्वांत कमी दाबलेलं, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक सर्वांत जास्त राखलेलं, निवडलं. त्याच वर्षी इतर बडे अल्बम इतके दाबलेले होते की आवाज फाटत होता. म्हणून हा अल्बम लावताना आवाजाचा खटका दोन घरं वर न्या. आता ऐकण्याच्या सेवा सगळी गाणी वजा १४ एलयूएफएस या आवाजाच्या पातळीच्या आसपास आणून ठेवतात, तिथे दाबलेल्या गाण्याचा फायदा संपतो आणि हा अल्बम मोकळा वाटतो. पुढच्या अल्बमलाही हाच निर्णय घेतला तर निम्मी लढाई जिंकली.

ढोलाची काठी

ड्रमवर कोणीच बोललं नाही. मार्च २०२५ मध्ये ड्रमर फ्रँक फेरर बाहेर पडल्याचं जाहीर झालं, १९ वर्षांनी. आयझॅक कार्पेंटर आला. दौऱ्यात फरक स्पष्ट ऐकू येतो. १९८७ च्या गाण्यांत तेव्हाचा ड्रमर स्टीव्हन ॲडलरचा जो झोका होता, ठोका किंचित सैल आणि हाय-हॅट उघडी, त्याच्या जवळ कार्पेंटर जातो. फेररचा हात जड आणि सरळ.

मग जुन्या सेशनवर नवा ड्रमर बसवणार असाल तर टेपडेक म्हणतात तीच अडचण. झोक्याचा ड्रमर क्लिकला बांधला की त्याचा झोका जातो. म्हणजे बँडला या वर्षांतला सगळ्यांत चांगला बदल मिळालाय आणि तो जुन्या गाण्यांत वापरताच येणार नाही. माझ्या मते शून्यापासून सुरुवात करण्याचं हे सर्वांत ठोस कारण आहे. खोलीत चौघे, क्लिक बंद, ड्रम-बेस एकत्र, सलग तीन वेळा वाजवा, त्यातलं एक ठेवा.

सहावी तार

@ढोलाची काठी, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात असायला हवा होता.

@न्यूजर्सीकर, स्टोन्सच्या उदाहरणाने मी थोडा हललो, पूर्ण नाही. चार्ली वॉट्सचे ड्रम त्याच बँडचे होते. २०१९ मध्ये जॅगर, रिचर्ड्स आणि वॉट्स एकत्रच होते. तरीही एक बदल करतो. सहाही गाणी बाद, हे मागे घेतो. ‘हार्ड स्कूल’ आणि ‘परहॅप्स’ अल्बममध्ये असावीत. ‘परहॅप्स’चा पियानो मुळापासून ॲक्सलच्या हाताचा वाटतो, आणि स्लॅशचा सोलो तिथे गाण्याला पुढे नेतो, ओळीमागे थर देऊन थांबत नाही. टेपडेक यांची कसोटी लावली, गिटारवादक काढला तर गाणं पडतं का, तर दोन्ही पडतात. म्हणजे ती त्याची झाली.

@कावेरी, रेसकोर्सवर लोक जुन्या गाण्यांसाठी आले हे खरं. पण डिसेंबर २०१२ मध्ये बंगळूर, मुंबई आणि गुडगावला स्लॅशशिवायचा गन्स एन रोझेस आला तेव्हाही तीच जुनी गाणी होती. फक्त जुनी गाणीच हवी असती तर स्लॅश परत आल्याने काय बदललं? बदललं ते हेच, की या हातांतून पुढचं काही येऊ शकतं.

माझी यादी: ‘हार्ड स्कूल’, ‘परहॅप्स’ आणि २०१६ नंतर सुरू झालेली आठ. दोन बाजू, प्रत्येकी २० मिनिटांच्या आसपास, एक तबकडी. उरलेली चार वेगळ्या छोट्या संचात काढावीत, श्रेयनामावलीत फिंक, स्टिन्सन, फ्रीझ यांची नावं ठळक ठेवून. त्यांचा मान त्यांना.

कावेरी

आठ नवी गाणी मिळाली तर मीही घेईन. पण तोवर वाट पाहणार नाही, जे आहे ते ऐकणार. मतभेद तेवढाच.

बोरिवली लोकल

‘द जनरल’ छोट्या संचात ढकलताय, तिथे मी अडून राहणार. संथ, जड, आणि ॲक्सल त्यात खालच्या पट्टीतून वर चढतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘हॉलिवूड बोल’ या खुल्या रंगमंचावर ते पहिल्यांदा वाजलं त्याची ध्वनिचित्रफीत पाहा, आणि मग स्टुडिओतलं ऐका. मंचावर स्लॅश शेवटच्या भागात रेकॉर्डिंगपेक्षा मोकळा वाजवतो. गाणं त्याच्या हातात बसायला लागलंय. आणखी पन्नास कार्यक्रमांत वाजवलं तर तुमचीच क्लबमध्ये घासण्याची अट पूर्ण होईल. तेव्हा ते नव्याने रेकॉर्ड करा, कार्पेंटरसकट, आणि पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणून ठेवा.

सहावी तार

नव्याने रेकॉर्ड केलं, ड्रमसकट, तर हरकत नाही. मग माझी आठची सात होतील.

काळी तबकडी

पहिल्या बाजूचं शेवटचं नको, तिथे चरे मध्याजवळ येतात आणि या गाण्याच्या वरच्या पट्टीतल्या किंकाळ्या नेमक्या तिथे फाटतील. दुसऱ्या बाजूचं पहिलं ठेवा.